एक मीटर सत्तर

जमिनीखाली बावीस मीटर तीस सेंटिमीटरवर मला माझाच अंगठा सापडला. अंगठा म्हणजे अंगठ्याचा ठसा, पण ओळख पटायला तेवढा पुरे होता. शुक्रवारची सकाळ, गोदामाच्या पत्र्यावर ऑगस्टचं कोरडं ऊन नुकतंच चढायला लागलेलं, आणि मी सातव्या बोअरची सहा नंबरची पेटी उघडून बसले होते. चार खाचा, प्रत्येक खाचेत एक मीटर, वीसपासून चोवीस मीटर खोलीपर्यंत बोअरमधून निघालेल्या मातीच्या कांड्या ओळीनं मांडलेल्या. या पेटीचं झाकण मी आज पहिल्यांदाच काढत होते. सवयीनं एक कांडी उचलली, आज सहज उलटीही केली, तर तिच्या पोटाशी खळगा, आणि खळग्यात कापल्याच्या वणाची तिरपी रेघ. असा अंगठा आमच्या ला पास शहरात एकच आहे आणि तो माझ्या उजव्या हाताला आहे. हा ठसा मी उठवला होता मंगळवारी, सतरा मीटर साठवर. वहीत लिहिलंही होतं: करडी चिकणमाती, ओलसर, अंगठा सहज रुततो. मंगळवार ते शुक्रवार एवढ्यात माझा अंगठा जवळजवळ पाच मीटर खाली उतरला होता, आणि मला त्याची खबर नव्हती.

आधी वाटलं आपलंच चुकलं, आपणच आज ही कांडी दाबली आणि विसरलो. छप्पन्नाव्या वर्षी माणूस स्वतःवर आधी संशय घेतो. मग मी पाच नंबरची पेटी ओढली. ती तपासून झालेली, फोटो काढलेली, झाकणाला स्क्रू मारलेली. तपासलेली पेटी पुन्हा कुणी उघडत नाही, आमच्या धंद्यात तसा रिवाजच नाही. स्क्रू काढले. सतराव्या मीटरपासून पुढं जुनी वर्तमानपत्रं कोंबली होती, वर पाणी शिंपडलेलं, म्हणजे पेटी हलवली तर वजन लागावं. एका पानावर फुटबॉलचा निकाल होता. मी तो निकाल पूर्ण वाचला. का वाचला कुणास ठाऊक, पण वाचला.

अंगठा दाबून बघायची खोड आईची. रोद्रीगेस बाजारात ती बटाटे आणि चुन्यो, म्हणजे गोठवून वाळवलेले बटाटे, विकायची, आणि घाऊक व्यापाऱ्याचं पोतं उघडलं की बोलायच्या आधी अंगठा. व्यापारी तोंडाचा पट्टा चालू करायचा, ताईसाहेब काय माल आहे, थेट पठारावरचा, आणि ती त्याच्याकडं न बघता दाबत जायची, वरचे सोडून तळातले. वरचे बटाटे पाहुण्यांसाठी असतात, म्हणायची. नऊ वर्षांची असताना बटाटे सोलताना मी अंगठा कापून घेतला तेव्हा तिनं तो तोंडात धरला, थुंकली, चिंधी बांधली आणि म्हणाली, रड, पण गिऱ्हाइकासमोर नको. पुढं मी विद्यापीठात गेले, भूगर्भशास्त्र शिकले, परदेशी पुस्तकात वाचलं की मातीची ताकद अंगठ्यानं अजमावतात, आणि वर्गात एकटीच हसले. प्राध्यापकानं विचारलं काय झालं. मी सांगितलं नाही. पाच स्कर्ट एकावर एक घालणाऱ्या, टोपी डोक्यावरून कधी न पडणाऱ्या बाईची ती विद्या आहे, हे त्या लोकांना सांगून काय उपयोग होता. पण हेही खरं की त्या वयात मला ते सांगायची लाज वाटत होती.

गोदामाच्या दारात तिबुर्सियो मिस्त्री सालतेन्या, म्हणजे आत रस्सा भरलेली भाजकी करंजी, खात उभे होते. तिबुर्सियो चोके, बोअरच्या मशीनचे मुख्य मिस्त्री, अकरा वर्षं माझ्याबरोबर. दहा वाजले की त्यांना सालतेन्या लागतोच. टोक चावायचं, आधी रस्सा ओढायचा, मग बाकीचं. एवढ्या वर्षांत त्यांच्या शर्टावर थेंब पडलेला मी पाहिला नव्हता.

"मिस्त्री, सहा नंबरची पेटी कुणी भरली?"

"मीच. मी नाही तर काय माझ्या सासूनं?"

"मग बाविसाव्या मीटरवर माझा अंगठा कसा गेला?"

रस्सा सांडला. मनगटावरून बाहीत गेला. ते बाहीकडं बघत राहिले, मग माझ्या हातातल्या कांडीकडं.

"आईशप्पथ, बाई, तुम्ही कांड्या उलट्या कशाला करता? आजवर कुणी केल्या नाहीत."

"खाली काय होतं?"

"काही नव्हतं."

"काही नव्हतं म्हणजे?"

"म्हणजे काही नव्हतं! एकवीस चाळीसला रॉड हातातून सुटला. आपोआप खाली. मशीनचा जोर नाही, काही नाही. पाणी सोडलं होतं तेही गिळलं, परत म्हणून आलं नाही. तेवीस दहाला खट्कन टेकला. एक मीटर सत्तर. हाताखालचा बर्नाबे म्हणाला, ऑगस्ट आहे, धरणीआईचं तोंड उघडं आहे. आम्ही दारू ओतली, कोकाची पानं टाकली, माफी मागितली आणि पुढं चालू केलं."

"तिची माफी मागितलीत. मला मात्र सांगितलं नाहीत."

"तुम्हाला सांगून काय? रिकाम्या जागी लाकडी ठोकळा ठेवायचा, तुम्ही लिहिणार नमुना नाही. आणि नमुना नाही तर पैसे नाहीत. कलम चौदा. बाई, करारातलं बाकी काय लिहिलंय ते देवाला ठाऊक, पण चौदावं कलम माझ्या बायकोलासुद्धा पाठ आहे. वर पुन्हा ऐकून घ्या की या मिस्त्रीला नमुना काढता येत नाही. ओरुरोच्या कामात मी खरे ठोकळे ठेवले होते. पुढं दोन वर्षं मला कुणी मशीनला हात लावू दिला नाही. तेव्हा तुम्ही कुठं होता?"

मी कुठं होते ते मला चांगलं ठाऊक होतं. चौदावं कलम मी लिहिलं होतं. अठ्ठावीस वर्षांची होते, प्रादो रस्त्यावरच्या एका कचेरीत, खिडकीबाहेर झाडं आणि मोर्चे, आणि टेबलावर टाइपरायटर. तेव्हा बोअरवाले सरसकट चोऱ्या करायचे. दहा मीटर खोदायचे, वीस लिहायचे, उरलेली माती शेजारच्या टेकडीवरून आणायचे. मला संताप यायचा. आईच्या पोत्यांत तळाला सडके भरणारे तेच हे, असं वाटायचं. म्हणून मी एका बैठकीत बसून लिहिलं: ज्या मीटरचा नमुना प्रत्यक्ष पेटीत दिसेल त्याच मीटरचे पैसे मिळतील. साहेबांनी वाचलं, चष्मा काढला, म्हणाले, पोरी, चोराला चांगली वेसण घातलीस. त्या संध्याकाळी मी स्वतःसाठी बूट घेतले. मग ते कलम एका करारातून दुसऱ्यात गेलं, कचेऱ्यांतून, खात्यांतून, कॉपी होत होत देशभर. आज कुणालाही ते कुणी लिहिलं ठाऊक नाही. माझ्या हातचं सगळ्यांत जास्त वाचलं गेलेलं लिखाण तेच. चोराला वेसण घातली खरी, पण जमिनीच्या आत पोकळी असू शकते आणि पोकळीचा नमुना काढता येत नाही, एवढी साधी गोष्ट त्या हुशार पोरीला सुचली नाही. जी जागा सगळ्यांत धोक्याची, तीच दाखवायची नाही याबद्दल मी माणसांना पैसे देत आले होते. करावे तसे भरावे म्हणतात, पण इथं केलं मी आणि भरणार होते दुसरेच.

"कलम चौदा मी लिहिलंय," मी म्हणाले.

मिस्त्री हसले. मग माझं तोंड बघून थांबले. मग त्यांनी एक अशी शिवी दिली की जी बायकांसमोर देत नाहीत, आणि लगेच टोपी काढली.

"शिवी तुम्हाला नाही, बाई."

"असू दे. मलाच आहे." मी खिशातला खडू काढला आणि पेटीच्या झाकणावर रेघ मारली. "हे उमापाता. वरची वस्ती, घरं. हा तुमचा सातवा बोअर. आणि खालून जो खणायचाय तो हा बोगदा." मी कमान काढली. "कमानीचं डोकं साडेतेवीस मीटरवर."

ते वाकून बघत राहिले. अकरा वर्षांत त्यांना कुठल्याच कामाचा नकाशा कुणी दाखवला नव्हता, मीही नाही. मिस्त्रीला भोक कुठं पाडायचं ते सांगतात, कशासाठी ते सांगत नाहीत; तसं करारात लिहिलेलं नाही, पण पद्धत आहे. त्यांचं बोट तेवीस दहावर गेलं, मग साडेतेवीसवर. मधे चाळीस सेंटिमीटर. त्यांच्या हाताची वीत ठेवली तर दोन वितीही भरल्या नसत्या.

"म्हणजे छप्पर कोसळेल."

"आधी खणणाऱ्यांच्या डोक्यावर. मग वरची घरं खाली."

"असं किती वेळा केलंत?" हा प्रश्न मी विचारला तेव्हा माझा आवाज मला परका वाटला. ते म्हणाले, आत्ता विचारू नका. मी म्हणाले, विचारतेय. ते म्हणाले, दर वेळी नाही, बाई, जेव्हा रिकामं लागलं तेव्हाच. आणि रुमालानं बाही पुसत बाहेर निघून गेले. त्यांचं नाव कुठं घेणार नाही, असं मी पाठमोऱ्या त्यांना ओरडून सांगितलं. त्यांनी वळून पाहिलं नाही.

कचेरी अंगणापलीकडं, वर. अठ्ठावीस पायऱ्या. मी या शहरात जन्मले, पायऱ्यांना धाप लागणं मला ठाऊक नाही, पण त्या दिवशी मधेच थांबावं लागलं. समोर उमापाताचा उतार होता, कच्च्या विटांची घरं, गच्च्यांवर वाळत घातलेले कपडे, एका घराच्या पुढं कुणीतरी मेंढीचं कातडं झटकत होतं. आयमारा भाषेत उमा म्हणजे पाणी. ज्यांनी हे नाव ठेवलं त्यांनी एकही बोअर मारला नव्हता, आणि त्यांना खाली पाणी फिरतं हे माहीत होतं. आम्ही मात्र नऊ बोअर मारून लिहिणार होतो, करडी चिकणमाती, सलग. सलग हा शब्द मी आयुष्यात किती वेळा लिहिला असेल? शाळेखाली सलग, पुलाखाली सलग, दवाखान्याच्या मागच्या भिंतीखाली सलग. त्यातली किती माती वरच्या मीटरमधून खाली आणून ठेवलेली? त्या प्रत्येक सहीनंतर रात्री मी निवांत झोपले होते. हे आठवलं आणि चीड आली, अशी चीड की पायऱ्या पुन्हा चढता आल्या.

गोन्सालो आरान्सिबिया या कचेरीचा प्रमुख. कधीकाळी माझा विद्यार्थी, हुशार, परीक्षेच्या आदल्या दिवशी वह्या मागायला घरी यायचा आणि आईच्या हातचं सूप पिऊन जायचा. मी सगळं सांगितलं, फक्त मिस्त्रींचं नाव सोडून. त्यानं नीट ऐकलं. तो वाईट माणूस नाही, तीच तर अडचण आहे.

"बाई, बसा. कोकाचा चहा घेता? हे बघा, एक पेटी आहे. नऊ बोअरमधली एक. चार वाजता अहवाल जायचाय. आणि समजा चुकलं, तरी आपल्यावर येत नाही. कलम बावीस."

"वाच."

"तुम्हाला पाठ आहे."

"तू वाच. मला तुझ्या तोंडून ऐकायचंय."

त्यानं वाचलं, शाळेत वाचतात तसं, मान खाली घालून. जमिनीची माहिती केवळ संदर्भासाठी आहे. तिच्या खरेपणाची हमी मालक वा सल्लागार देत नाहीत. जमिनीत जे निघेल त्याची जोखीम खणणाऱ्या ठेकेदाराची.

"म्हणजे आपण माहिती द्यायची, पण ती खरी आहे असं म्हणायचं नाही," मी म्हणाले. "जो वैद्य नाडी बघतो आणि सांगतो की मी बघितलेलं धरू नका, त्याला तू काय म्हणशील?"

"मी नाही लिहिलं ते कलम."

"चौदावं मी लिहिलंय. एकानं सांगितलं, पोकळी दाखवाल तर पैसे नाहीत. दुसऱ्यानं सांगितलं, पोकळी लपली तरी आपण जबाबदार नाही. दोन्ही एका करारात शेजारी शेजारी. जोखीम ठेकेदाराची म्हणे! गोन्सालो, ठेकेदार तिकडं लांब सांता क्रूसला राहतो. त्याच्या डोक्यावर काय पडणार आहे?"

"ओरडू नका, बाई."

"मी ओरडत नाहीये. मी ओरडले की वेगळं ऐकू येतं."

तो हसला, मग खिडकीजवळ गेला. तिथून त्यालाही तोच उतार दिसत असणार. मग अगदी मऊ आवाजात म्हणाला, आणि तेव्हा मी पहिल्यांदा घाबरले:

"ही पेटी उघडलीत ना, तर बाकीच्याही उघडतील. तुमच्या शिक्क्याचे सगळे अहवाल. अठ्ठावीस वर्षांचे. लोक विचारतील मग शाळेखाली काय होतं, पुलाखाली काय होतं. तुमचं नाव, बाई. दोन वर्षांनी निवृत्त व्हायचंय तुम्हाला. मी तुमच्यासाठी सांगतोय. तुम्हाला सही नको असेल तर रोसियो करेल, तिला आज गोदाम दाखवलं नाही म्हणजे झालं."

कोंबडं झाकून ठेवलं म्हणून उजाडायचं राहत नाही, असं आई म्हणायची. पण कोंबडं झाकणाऱ्याचेही काही तास बरे जातात, आणि मला ते तास हवेसे वाटले. खरंच वाटले. दोन वर्षं. सोपोकाची भागातल्या माझ्या घराची गच्ची, कुंड्या, सकाळचा पेपर. माझं नाव या शहरात जरा बरं आहे. बाजारातल्या बाईची मुलगी, पण मातीतलं तिला कळतं, असं म्हणतात. ते नाव मी एकेका बोअरनं वर काढलं. आणि आता कळत होतं की त्या नावातही वर्तमानपत्रं कोंबलेली असणार, किती ते कुणालाच माहीत नाही, मलाही नाही. मी खुर्चीत बसून होते. रोसियो आमची सगळ्यांत लहान भूगर्भतज्ज्ञ, पंचवीस वर्षांची, नवीन बूट घेतले की सगळ्यांना दाखवणारी. तिची सही. तिच्या पहिल्या सहीखाली एक मीटर सत्तर पोकळी, जन्मभर.

"नाही," मी म्हणाले.

"काय नाही?"

"रोसियो नाही. दोन वर्षंही नाहीत. लोक विचारोत. मी सहा नंबरच्या पेटीत लिहिणार आहे की तिथं काही नाही. आणि अहवालाच्या पहिल्या पानावर लिहिणार आहे की रिकाम्या मीटरलाही पूर्ण दर द्या, नाहीतर या देशात कुणालाही खरी जमीन दिसायची नाही. कलम बावीस तू फाड किंवा फ्रेम करून लाव. माझ्या अहवालाची हमी मी देते. खाली माझा शिक्का आहे, तो संदर्भासाठी नाही."

"तुम्ही म्हणाल आणि लोक ऐकतील? पुरावा काय? एक अंगठा?"

दार उघडलं. तिबुर्सियो मिस्त्री आत आले, सहा नंबरची पेटी खांद्यावर, मागं बर्नाबे दुसऱ्या टोकाला. चिखलाच्या बुटांनी सतरंजीवर. पेटी त्यांनी गोन्सालोच्या टेबलावर ठेवली, फायलींवर, चहाच्या कपाशेजारी. कुणाला विचारलं नाही. मग मिस्त्री एकेक कांडी उचलून जमिनीवर ठेवायला लागले. दुसऱ्या खाचेचा शेवट, तिसरी पूर्ण, चौथीची सुरुवात. पेटीत लाकूड उघडं पडत गेलं.

"हे आम्ही भरलं," ते म्हणाले. "बाईंनी नाही. खाली पोकळी आहे. मशीन अजून वर उभं आहे, मोडलेलं नाही. शेजारी दुसरं भोक मारतो, साहेब, पैसे नको. तुम्ही स्वतः या, रॉडवर हात ठेवा, कसा जातो बघा."

"मिस्त्री, हे बोललात तर पुढं काम मिळणार नाही," गोन्सालो म्हणाला. तो धमकी देत नव्हता, खरं तेच सांगत होता.

"ओरुरोनंतर मिळालं नव्हतंच. तेव्हा तोंड उघडलं नव्हतं, नुसते ठोकळे ठेवले होते, तरी नाही मिळालं." ते माझ्याकडं वळले. "लिहा, बाई. तिबुर्सियो चोके लारुता. आईचं नावही लिहा, नाहीतर दुसरा कुणी चोके धरतील. एकवीस चाळीसला सुटला, तेवीस दहाला टेकला."

मी वही उघडली. एकवीस चाळीस ते तेवीस दहा: पोकळी. रॉड स्वतःच्या वजनानं खाली गेला. पाणी परत आलं नाही. नमुना नाही. मिस्त्रींचं पूर्ण नाव लिहिलं, त्यांनी शेजारी सही केली, बर्नाबेनंही केली. मग मी शिक्का काढला, शाईवर दाबला आणि उठवला. गोन्सालो बघत होता. तो फोनकडं गेला नाही, वही ओढूनही घेतली नाही. त्यानं फक्त जमिनीवरच्या कांड्यांना पाय लागू नये म्हणून खुर्ची मागं सरकवली. त्याला काय वाटत होतं हे मला अजूनही नीट सांगता येणार नाही.

मिस्त्री टोपी घालून निघाले. मी म्हणाले, थांबा. त्यांना वाटलं झालं. मलाही क्षणभर तसंच वाटलं होतं.

"आता बाकीची सांगा."

"कुठली बाकीची?"

"अकरा वर्षांतली. जिथं जिथं रिकामं लागलं आणि तुम्ही भरलंत, ती."

"बाई..." गोन्सालो म्हणाला. मी त्याच्याकडं पाहिलं नाही.

मिस्त्रींनी टोपी पुन्हा काढली. दाराच्या चौकटीला पाठ टेकवली, डोळे मिटले. ओठ हलत होते. मशीन कुठं कुठं उभं केलं ते त्यांना जागेनंच आठवत असणार. बर्नाबेनं हळूच दार लोटलं.

"वरची शाळा," ते म्हणाले. "मागची भिंत. तिसरा बोअर. नऊ मीटरवर."

त्या अहवालाखाली माझी सही होती. भिंतीला आधार देताना मी स्वतः उभी होते, आणि उद्घाटनाला मुलांनी गाणं म्हटलं होतं. मी नवं पान काढलं, तारीख घातली, शाळेचं नाव लिहिलं, खाली माझं नाव लिहिलं.

"पुढचं," मी म्हणाले.